वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह नेमकं काय जपतात?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या उजव्या राजकारणावर लेख आला आणि पत्रांचा ढीग लागला. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न निवडून इथं उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अमेरिकेत राजा नव्हता, सरदार-जहागीरदार नव्हते. देशच मुळी बंडातून जन्माला आला. मग तिथल्या कॉन्झर्व्हेटिव्हांना जपायचं होतं तरी काय? (सांगली)

त्या बंडातून जे हाती आलं तेच जपायचं होतं, म्हणजे १७८७ची राज्यघटना. ही घटना घाईघाईनं बदल होऊ नये अशाच बेतानं रचलेली आहे. दुरुस्ती सुचवायची तर एरवी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ती लागू व्हायला तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी, म्हणजे आज पन्नासपैकी अडतीस. तेव्हा घटनेच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे सत्तेला लावलेल्या लगामांच्या बाजूनं उभं राहणं, असं तिथले कॉन्झर्व्हेटिव्ह मानत आले.

स्वतःला या नावानं ओळखणारी चळवळ मात्र बरीच अलीकडची. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ पासून केंद्र सरकारचा पसारा वाढवला, १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटी ही सरकारी निवृत्तिवेतनाची योजना आणली. त्याला विरोध करणारे विखुरलेले होते. १९५३ मध्ये लेखक रसेल कर्क यांनी त्यांना विचारांची एक वंशावळ दिली आणि तिच्या मुळाशी अठराव्या शतकातले ब्रिटिश संसदपटू, फ्रेंच क्रांतीचे टीकाकार एडमंड बर्क यांना बसवलं. १९५५ मध्ये विल्यम बकली या तिशीही न गाठलेल्या तरुणानं 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढलं.

बर्क आपल्याला परके नाहीत. वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत १७८८ ते १७९५ असा जो महाभियोग चालला, त्यात फिर्यादी बाजूचे म्होरके तेच होते. हेस्टिंग्ज सुटले. पण बर्क यांच्या लेखी पॅरिसचे क्रांतिकारक आणि कलकत्त्याची कंपनी यांचा गुन्हा एकाच जातीचा होता : पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या संस्था मनमानीनं उखडून टाकणं. हे ध्यानात घेतलं तर बर्क म्हणजे निव्वळ सत्ताधाऱ्यांचा वकील, हा समज गळून पडतो.

प्रश्न : मुक्त बाजार परंपरा मोडतो, गावं ओस पाडतो. मग बाजारवाले आणि धर्म-कुटुंबवाले एकाच रिपब्लिकन पक्षात कसे नांदले? (ठाणे)

सगळ्या पत्रांत हाच प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवतो. पन्नाशीच्या दशकात तीन मंडळी होती : कर्क यांच्यासारखे परंपरावादी, हायेक आणि मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांना मानणारे बाजारवादी, आणि कम्युनिझमचे कट्टर विरोधक. तिसऱ्या गटातले बरेच जण स्वतःच कधीकाळी कम्युनिस्ट होते. त्यांच्यापैकीच एक, फ्रँक मेयर यांनी सांधा जुळवला. त्यांचं म्हणणं असं : सक्तीनं लादलेला सदाचार हा सदाचारच नव्हे. म्हणून सरकारनं फक्त स्वातंत्र्य राखावं. त्या स्वातंत्र्याचं चीज कसं करायचं हे कुटुंब, चर्च आणि गावानं शिकवावं. या मांडणीला 'फ्यूजनिझम', म्हणजे मिलाफवाद, हे नाव चिकटलं.

ही तडजोड किती नाजूक होती हे बघायचं तर सप्टेंबर १९६० मध्ये कनेटिकटमधल्या शॅरन गावी, बकली यांच्या घरी, तरुणांनी मंजूर केलेला जाहीरनामा वाचा. जेमतेम पानभर मजकूर. माणसाची स्वतंत्र इच्छाशक्ती ईश्वरदत्त आहे, आर्थिक स्वातंत्र्यावाचून राजकीय स्वातंत्र्य फार काळ टिकत नाही, आणि कम्युनिझम हा सर्वांत मोठा धोका आहे. तिन्ही गटांना एकेक वाक्य मिळालं. त्यातही देवाचा उल्लेख ठेवायचा की गाळायचा यावर मतदान घ्यावं लागलं, आणि थोडक्या मतांनी तो राहिला.

मेयर यांच्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली होती : कुटुंब आणि चर्च आपापल्या बळावर उभी राहतील. ओहायो-पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद गावांत कारखाने बंद पडले, आणि त्यांच्यामागे दुकानं, शाळा, चर्चची गर्दी, लग्नं असं सगळंच उसवत गेलं. त्यावर मेयर यांच्याकडे उत्तर नव्हतं. समोर सोव्हिएत संघ होता तोवर हा खड्डा झाकला गेला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला, आणि दोन महिन्यांच्या आत न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उजवे भाष्यकार पॅट ब्युकॅनन यांनी पदावर असलेल्या थोरल्या बुश यांच्या विरोधात एक तृतीयांशाहून जास्त मतं घेतली. परदेशी माल, परदेशी युद्धं आणि स्थलांतर या तिन्हींना विरोध. ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचाराचा मजकूर तेव्हाच लिहून झाला होता.

प्रश्न : ही चळवळ मुळात गोऱ्यांच्या वर्चस्वासाठीच होती ना? (पुणे)

'साठीच' म्हणता येणार नाही. पण तो भाग वगळून इतिहास सांगणं खोटेपणाचं ठरेल. ऑगस्ट १९५७ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू'नं दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वरचष्म्याचं उघड समर्थन करणारं संपादकीय छापलं. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला, तेव्हा रिपब्लिकनांपैकी २७ जण बाजूनं होते आणि फक्त ६ विरोधात. त्या सहांत बॅरी गोल्डवॉटर होते, त्याच वर्षीचे पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार. त्यांचा आक्षेप केंद्राच्या अधिकारकक्षेवर होता, आणि ॲरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमधला वर्णभेद संपवण्यात त्यांचा हात होता, हेही खरं. तरी त्यांच्या निवडणुकीचा निकाल बोलका आहे : सहा राज्यं, आणि अध्यक्ष ठरवणारी, राज्यवार वाटलेली इलेक्टोरल मतं अवघी ५२. स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर बाकीची पाचही राज्यं खोल दक्षिणेतली. १९६० मध्ये निक्सन यांना कृष्णवर्णीयांची सुमारे एक तृतीयांश मतं होती. गोल्डवॉटर यांना दहावा हिस्साही मिळाला नाही, आणि ती मतं पक्षाकडे आजवर परतलेली नाहीत. राज्यांच्या हक्कांचं तत्त्व आपल्या जागी मोलाचं आहे. ज्यांना मतदानच करू दिलं जात नव्हतं त्यांच्यासमोर ते ढालीसारखं धरलं गेलं, हा त्या तत्त्वावरचाही अन्याय होता.

प्रश्न : निवडणुका हरूनही त्यांनी न्यायालयं कशी काबीज केली? (नागपूर)

चाळीस वर्षं चिकाटीनं केलेलं काम आहे ते. मूळ दुखणं असं होतं की रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले न्यायाधीश पुढं त्यांच्या हाती राहत नसत. सर्वोच्च न्यायालयातल्या उदारमतवादी वॉरन आणि ब्रेनन यांना आयझेनहॉवर यांनी नेमलं. १९७३ चा, गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 'रो' निकाल लिहिणारे ब्लॅकमन निक्सन यांचे. नुसती नेमणूक पुरत नाही, माणूस विद्यार्थिदशेपासून पारखावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

१९८२ मध्ये येल आणि शिकागोच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी फेडरलिस्ट सोसायटी ही उजव्या विचारांची संघटना सुरू केली. पद्धत साधी : कॉलेजात शाखा काढायची, विरोधी मताच्या प्राध्यापकाला बोलावून जाहीर वाद घडवायचा, त्यात चमकणाऱ्यांना न्यायाधीशांकडे क्लर्कची, म्हणजे कायद्याच्या कामातल्या मदतनिसाची, जागा मिळायला मदत करायची. क्लर्क पुढे सरकारी वकील होतो, मग अपील न्यायालयाचा न्यायाधीश. मधल्या काळात ठेचाही लागल्या. १९८७ मध्ये सिनेटनं, रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या बोर्क यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं. थोरल्या बुश यांनी १९९० मध्ये नेमलेले सूटर उदारमतवाद्यांच्या बाजूला गेले. म्हणूनच २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी हॅरिएट मायर्स यांचं नाव पुढं केलं तेव्हा, विचारांची पारख झालेली नाही म्हणून, त्यांच्याच लोकांनी ते मागं घ्यायला लावलं. त्या जागी अलिटो आले, आणि २०२२ मध्ये 'रो' रद्द करणारा निकाल अलिटोंनीच लिहिला. मे २०१६ मध्ये ट्रम्प यांनी संभाव्य न्यायाधीशांची अकरा नावं जाहीर केली. त्यांच्याविषयी साशंक असलेल्या मतदारांना त्या यादीनं मोठा दिलासा दिला.

यातही एक पेच आहे. कायद्याच्या शब्दाला बांधलेला न्यायाधीश पक्षाला बांधलेला नसतो. ट्रम्प यांनीच नेमलेल्या गॉर्सच यांनी २०२० मध्ये, १९६४ च्या त्याच कायद्याचे शब्द धरून, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना संरक्षण दिलं. तेव्हापासून उजव्यांतला एक गट विचारतो आहे : पद्धत हवी की निकाल?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. तिथले कॉन्झर्व्हेटिव्ह स्थलांतराच्या बाजूचे की विरोधात? (डोंबिवली)

दोन्हीकडचे आहेत. रेगन यांनी १९८६ मध्ये सही केलेल्या कायद्यानं सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. एच-वन-बी हा थोरल्या बुश यांच्या १९९० च्या कायद्यातून आला. आज वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प समर्थकांतच यावरून जाहीर भांडण जुंपलं : व्हिसाच्या बाजूनं उद्योजक मस्क आणि विवेक रामस्वामी, विरोधात ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनं नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली, ती मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्यांसाठी; आधीपासून व्हिसावर असलेल्यांच्या मुदतवाढीला ती लागू नसल्याचं सरकारनं स्पष्ट केलं. तरी नोकरी बदलण्याआधी किंवा भारतात येण्याआधी मुलीनं कंपनीच्या वकिलाकडून ताजी स्थिती लेखी घ्यावी.

प्रश्न : आमच्या वाचकगटाला यावर चर्चा ठेवायची आहे. सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

पाच बैठका ठेवा, प्रत्येकी दीड तासाची. माणसं आठ ते बारा. त्याहून जास्त झाली की भाषणं सुरू होतात. पहिल्या बैठकीला मॅडिसन यांचे, राज्यघटनेच्या समर्थनासाठी लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' मालिकेतले दहावा आणि एक्कावन्नावा हे दोन निबंध. दुसरीला बर्क यांच्या फ्रेंच क्रांतीवरच्या पुस्तकातली निवडक वीसेक पानं. तिसरीला शॅरनचा जाहीरनामा, एकेक वाक्य घेऊन. चौथीला १९६४ मधली दोन भाषणं शेजारी ठेवून : गोल्डवॉटर यांचं उमेदवारी स्वीकारतानाचं आणि रेगन यांचं २७ ऑक्टोबरचं. मतं जवळपास तीच, पण एक श्रोत्यांना ललकारतं आणि दुसरं समजावतं. पाचवीला रेगन यांचं ११ जानेवारी १९८९ चं निरोपाचं भाषण आणि ट्रम्प यांचं २० जानेवारी २०१७ चं शपथविधीचं.

दर वेळी फळ्यावर तीन रकाने काढा : काय जपायचं, कोणापासून, कोणत्या साधनानं. मतभेद बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात सापडतील. चर्चा दोन कारणांनी बिघडते. एक, पहिल्याच बैठकीत ट्रम्प यांचा विषय निघतो आणि बाकीचं राहून जातं. दोन, भाजप-काँग्रेसची मापं लावली जातात. अमेरिकी उजव्यांचा सरकारविषयीचा संशय त्या मापांत बसत नाही. उपाय म्हणून नियम करा : खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचं.

प्रश्न : पुढं काय होईल? (कोल्हापूर)

आमच्या मते खरा झगडा सरकारी सत्तेवरून आहे. जुने म्हणतात, सरकारची सत्ता मर्यादित ठेवा, कारण उद्या ती विरोधकांच्या हाती जाईल. नवे राष्ट्रवादी म्हणतात, विद्यापीठं, कंपन्या आणि नोकरशाही डाव्यांच्या ताब्यात असताना सत्ता न वापरणं म्हणजे शरणागती. आयातकर लावा, कारखाने परत आणा, कुटुंबांना पैसा द्या. जुन्यांची बाजू आम्हाला अधिक भक्कम वाटते. पण ओस पडलेल्या गावांना ते काय देणार, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

परीक्षेची तारीख जवळपास ठरलेली आहे. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनाचा राखीव निधी २०३३ च्या सुमारास आटेल असा विश्वस्तांचा अंदाज आहे. कायदा बदलला नाही तर त्यानंतर निवृत्तिवेतनात एक पंचमांशाहून जास्त कपात आपोआप होईल. धाकट्या बुश यांनी २००५ मध्ये या योजनेचा काही भाग खासगी खात्यांत वळवायचा प्रयत्न केला, तो त्यांच्याच पक्षात अडला. ट्रम्प यांनी तिला हात लावणार नाही असं वचन दिलं. कर वाढवायचा, निवृत्तिवेतन कापायचं की आणखी कर्ज काढायचं, हे त्या आधी निवडून येणाऱ्या एक-दोन अमेरिकी काँग्रेसना ठरवावं लागेल, आणि पक्षातला कुठला गट किती मतं जमवू शकतो ते त्या मतदानात मोजलं जाईल.