मोबाईल उलटा ठेवू नकोस

"ताई, मी ३६ वर्षांची. बडोद्यात दांडिया बाजारात राहते. आठ वर्षं एका शाळेच्या लायब्ररीत असिस्टंट आहे. ग्रंथालयशास्त्राची पदवी, बी.लिब., लग्नाआधी झाली होती. आमचे ग्रंथपाल दोन वर्षांत रिटायर होतील, एम.लिब. असेल तर तुमचा विचार करू, असं मॅनेजमेंटनं सांगितलं म्हणून ऑनलाइन प्रवेश घेतला. शाळा सकाळी सात ते दुपारी दोन. मग घर, सातवीतली मुलगी, मिस्टरांची मकरपुऱ्याची शिफ्ट. शनिवार-रविवार संध्याकाळी लाइव्ह क्लास असतात, ते निम्मे बुडतात. अभ्यास रात्री साडेअकरानंतर, स्वयंपाकघरात. पहिल्या सत्रात पुस्तकांच्या वर्गीकरणाचा पेपर राहिला. घरी सांगितलं, सगळे सुटले. परवा सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तर मी मोबाईल उलटा ठेवला. मोठे दीर म्हणतात, ऑनलाइन डिग्रीला कोण विचारतं? डिसेंबरात परीक्षा आहे, असाइनमेंट त्याआधी. नोकरी सोडू की एम.लिब. सोडू?"
– एक वाचक, बडोदे

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या उलट्या ठेवलेल्या मोबाईलपाशी थांबले. रात्री बारा वाजता घरातली सून ओट्यापाशी बसून वर्गीकरणाच्या नोट्स वाचते आहे आणि चाहूल लागताच पडदा झाकते. सासूबाईंनी काय समजायचं? त्या बिचाऱ्या तांब्या भरून परत गेल्या असतील आणि मनात काहीबाही घेऊन झोपल्या असतील. तू चांगलं काम करते आहेस आणि करते आहेस ते चोरून. दमणूक आहेच, पण तुझी निम्मी ताकद लपवण्यात जाते आहे असं मला स्पष्ट दिसतं.

म्हणून "हे सोडू की ते" या प्रश्नाला माझं उत्तर असं की डिसेंबरपर्यंत काहीच सोडू नकोस. आधी नापास झाल्याचं सांग. नवऱ्याला आज, सासूबाईंना उद्या. "एक पेपर राहिलाय, परत देणार आहे, घरी खोटं सांगितलं याचं वाईट वाटतंय." एवढंच. यापुढे स्पष्टीकरण जोडू नकोस, रडू आलं तर येऊ दे. मीही नोकरी करून बाहेरून एम.ए. केलं. पहिल्या वर्षी एका पेपरात आपटले आणि चार महिने कोणाला कळू दिलं नाही. पुन्हा परीक्षेची तारीख आली तेव्हा रजा कशासाठी हवी हे साहेबांना सांगता येईना, घरी सांगता येईना. शेवटी सकाळी ऑफिसला जाते म्हणून निघाले, परीक्षा दिली आणि दुपारी कामावर हजर झाले. प्रश्नपत्रिका घडी करून पोळीच्या डब्याखाली लपवली होती, तिला तेलाचा डाग पडला. तो डाग मला अजून आठवतो, पेपरात काय लिहिलं ते एक अक्षर आठवत नाही.

घरी कळलं की वेळेचं बोलता येईल. तू रोज रात्री अडीच तास बसत असशील, पण साडेअकरानंतरच्या अडीच तासांत डोक्यात शिरतं किती? त्याऐवजी आठवड्यात तीन बैठका ठरव, प्रत्येकी दीड तासाची, उजेडातली. तुला दोनला सुट्टी होते, हे नशीब मोठं आहे. मंगळवार आणि गुरुवार शाळा सुटल्यावर लगेच घरी जाऊ नकोस. शाळेच्याच लायब्ररीत बस, नाहीतर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा (वेळा आधी विचारून घे). तिसरी बैठक रविवारी सकाळी, आणि त्या दीड तासात चहा-नाश्ता मिस्टरांच्या अंगावर. शिफ्ट असते हे मला मान्य आहे, पण आठवड्यातून एक सकाळ पोहे करणं त्यांना जड जाणार नाही. लाइव्ह क्लास बुडतो त्याची फार खंत करू नकोस, रेकॉर्डिंग मिळत असेल तर ते भाजी चिरताना नुसतं ऐकायचं. लिहून घ्यायच्या गोष्टी बैठकीत.

आणि असाइनमेंट नवरात्रीच्या आधी संपव. बडोद्यात राहतेस, तुला वेगळं सांगायला नको. त्या नऊ रात्री पोरगी गरब्याला जाणार, कोणीतरी तिला सोडायला-आणायला जाणार, चनियाचोळीची इस्त्री, उपवासाचं वेगळं आणि आपलं वेगळं. तेव्हा घरात पुस्तक उघडायला जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी तू एकटी घरात बसावंस असं मला वाटत नाही. घटाआधी असाइनमेंट, मग नऊ दिवस मोकळे, मग दिवाळीची साफसफाई थोडी कमी आणि परीक्षेची तयारी. घर यंदा ऐंशी टक्के चकचकीत झालं तरी लक्ष्मी येते.

शाळेचं. तुझ्या मॅनेजमेंटनं पद दाखवलं आहे, पण तोंडी. परीक्षेचं वेळापत्रक हाती पडलं की त्याच दिवशी लेखी अर्ज दे, सोबत वेळापत्रकाची प्रत, आणि पोच घे. आदल्या आठवड्यात "मॅडम, जरा सुट्टी हवी होती" असं दारात उभं राहून विचारू नकोस, त्याचं उत्तर नाहीच येतं. अर्जात एक वाक्य जरूर घाल: आपण सुचवल्याप्रमाणे मी एम.लिब. करत आहे. म्हणजे ती गोष्ट कागदावर येते.

अभ्यास आणि काम यांची सांगड घालायला तुझ्याइतकी चांगली जागा फार थोड्यांना मिळते. ग्रंथालयाच्या संगणकीकरणावर प्रकल्प असेल तर तो तुझ्याच शाळेवर घे, मार्गदर्शकांना विचारून. कोहा नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ते तयार झालं, माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट. तुमची दाखलनोंद वही अजून हातानं लिहिली जात असेल तर आधी फक्त पाचवी-सहावीच्या कपाटातली पुस्तकं त्यात चढवून बघ. प्रकल्प होईल, शाळेलाही उपयोग होईल, आणि दोन वर्षांनी मुलाखतीत दाखवायला काहीतरी हातात असेल.

आता तुझे दीर. त्यांना रागावू नकोस, ही शंका पुष्कळांना असते. मान्यताप्राप्त विद्यापीठातून, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून घेतलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. "मान्यताप्राप्त" हा शब्द मात्र महत्त्वाचा. तू प्रवेश घेतलास त्या वर्षी तुझं विद्यापीठ आणि तुझा अभ्यासक्रम, दोन्ही यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या यादीत होते का, हे साइटवर बघ आणि ते पान छापून फाईलला लाव. दिरांसाठी नाही, तुझ्यासाठी.

आणि त्यांना एकदा आपल्याच गावाची गोष्ट सांग. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्यांनी १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला, देशातला पहिला म्हणतात तो. याच सुमाराला संस्थानात फिरती वाचनालयं निघाली, पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून खेड्यांत जायची. ज्याला गाव सोडून येता येत नाही त्याच्यापर्यंत पुस्तक न्यायचं, ही कल्पना बडोद्याला नवी नाही. तुझा वर्ग तुझ्या ओट्यापर्यंत येतो, तो त्याच वाटेनं येतो असं मी मानते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन तर गणित शिकवायचे, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यानंतर लंडनला जाऊन हे शास्त्र शिकले. त्यांनाही आधी नोकरी मिळाली, मग शिक्षण. त्यांच्या पाच सूत्रांतलं चौथं तू परीक्षेत लिहिलं असशील: वाचकाचा वेळ वाचवा. सध्या घरातली वाचक तू आहेस, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

एवढं करूनही डिसेंबर डोईजड वाटला तर सगळे पेपर एकदम देण्याचा हट्ट नको. विद्यापीठाची माहितीपुस्तिका काढ, अभ्यासक्रम पूर्ण करायला कमाल मुदत किती दिली आहे ते बघ, आणि एखादा पेपर पुढच्या खेपेला ढकल. पण राहिलेला वर्गीकरणाचा पेपर ढकलू नकोस. तो मनात ठाण मांडून बसलाय, तोच आधी काढ. नोकरी तर अजिबात सोडू नकोस. पगार थांबला की या शिक्षणाचा खर्च घरात मोजला जाईल, आणि तुला ते सोसणार नाही.

त्या पेपरासाठी एक सुचवते. वर्गीकरण नुसतं वाचून येत नाही, हातानं करावं लागतं. सासूबाई वाचतात का, ते तू लिहिलेलं नाहीस, पण दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरात एक फळी पुस्तकांची असतेच. रविवारी ती सगळी जमिनीवर काढ, त्यांना शेजारी पाटावर बसव आणि एकेक पुस्तक हातात घेऊन त्याला ड्यूईच्या पद्धतीप्रमाणे, म्हणजे विषयानुसार, क्रमांक दे. मराठी साहित्य ८९१.४६, गुजराती ८९१.४७, अगदी आपल्या गल्लीसारखे खेटून. पाककृतींची वही असेल तर ६४१.५. त्यांना विचार, हे कशाबद्दल आहे? त्या सांगतील, तू आकडा शोध. ज्ञानेश्वरी निघाली की अडशील. गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये न्यायची, की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ मध्ये? पेपरातही नेमकं असंच कुठंतरी अडायला होतं. तू तुझं म्हणणं मांड, त्यांचं ऐकून घे. त्यांनी ज्ञानेश्वरी कुठं ठेवायला सांगितली आणि का, ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई