मुलाला गॅरेजपासून तोडू नका

तुमच्या पत्रात मुलाच्या गुणांबद्दल दोन ओळी आहेत आणि स्वतःच्या हातांबद्दल पानभर. आयुष्य गाडीखाली गेलं, नखांतलं ग्रीस कधी निघालं नाही, म्हणून मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घातलं. आता तो तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टी लागली की तुमच्याच गॅरेजमध्ये येऊन बसतो. मेकॅनिकना विचारून विचारून गॅरेजच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर बनवतो. त्यात डेटाबेसचा, म्हणजे माहिती नीट साठवण्याच्या विषयाचा, पेपर राहिला. या नादातून त्याला बाहेर कसं काढू आणि कोणता कोर्स लावू, असं तुम्ही विचारलं आहे.

कोर्सचं नंतर पाहू. मला खटकलं ते तुमचं एक वाक्य: ‘आमच्या पोरांना सॉफ्टवेअरमधलं काय कळतंय, की हा त्यांना विचारत बसतो?’ हे तुम्ही त्याला सगळ्यांसमोर बोललात. त्यात कामावरच्या माणसांचा अपमान झाला आणि तुमचा स्वतःचाही. ज्या कामावर घर उभं राहिलं ते हलकं, असं मुलाला रोज ऐकवलंत तर तो त्या कामाची लाज बाळगायला शिकेल, नाहीतर तुमच्यापासून लपून ते करेल. रात्री दार लावून बसतो, विचारलं तर ‘अभ्यास’ म्हणतो, हे तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे लपवणं सुरू झालंय, आणि मला काळजी त्याची वाटते. राहिलेला पेपर निघेल.

तुम्हाला त्याला कंबरदुखीपासून, बेभरवशाच्या कमाईपासून, गिऱ्हाइकाच्या बोलण्यापासून वाचवायचं आहे, आणि ते रास्त आहे. पण तो यातलं काही मागतच नाहीये. तुम्हाला जे ठाऊक आहे, तेवढंच तो मागतोय.

सॉफ्टवेअर कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यातून निघतं आणि वापरणाऱ्याला ते फक्त शिकवायचं असतं, हा फार मोठा गैरसमज आहे. गाडी लिफ्टवर आहे, हातात तेलकट हातमोजे आहेत आणि जॉब कार्ड, म्हणजे त्या गाडीच्या कामाची नोंद, उघडायला स्क्रीनवर डझनभर रकाने भरायचे आहेत, असं समजा. कोणता मेकॅनिक भरेल? तो कुठल्यातरी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवतो आणि संध्याकाळी फोरमन आठवून आठवून सगळी कार्डं एकदम बंद करतो. नोंदी नीटनेटक्या दिसतात आणि वेळा सगळ्या खोट्या असतात. किंवा कार्डावर ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ एवढ्या दोनच अवस्था ठेवल्या. गाडी पार्टसाठी थांबली आहे, गिऱ्हाईक खर्चाला हो म्हणत नाही, ट्रायल बाकी आहे, हे सगळं ‘चालू’मध्येच मोजलं जातं आणि महिन्याअखेरीस चांगला कारागीर संथ ठरतो. मग त्याने त्या सॉफ्टवेअरशी वैर धरलं तर दोष कुणाचा? पैसे मालक देतो, वापरतो मेकॅनिक. मेकॅनिकला न विचारता बनवलेलं सॉफ्टवेअर त्याच्यावर नजर ठेवण्याचं यंत्र होऊन बसतं. तुमचा मुलगा विचारतोय, म्हणजे त्याला कामाची नस सापडली आहे.

आता थोडं त्याच्यासाठी, पत्र त्यालाही वाचायला द्या. अरे, मालकाच्या मुलाला ‘चांगलं झालंय’ असंच सांगतात. त्यावर विसंबू नकोस. प्रश्न कमी कर आणि बाजूला उभा राहून बघ: बोट कुठे अडतं, कोणता रकाना सगळे रिकामा सोडतात, कागद अजून कशासाठी लागतो. मेकॅनिकने चूक दाखवली तर पुढच्या वेळी ती सुधारलेली त्याला दिसली पाहिजे, नाहीतर तो पुन्हा सांगणार नाही. डेटाबेसचा पेपर मात्र आधी काढ, कारण तुझ्या कामाचा कणा तोच आहे. गाडी विकली गेली तर तिचा दुरुस्तीचा इतिहास जुन्या मालकाच्या नावावर अडकतो की गाडीबरोबर जातो? नंबरप्लेट बदलू शकते, म्हणून गाडीची ओळख चॅसी नंबरवर ठेव. हल्लीच्या गाड्यांचा तो नंबर १७ अक्षरी असतो आणि १ व ० शी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं येत नाहीत. एवढी तपासणी घातलीस तरी टंकलेखनाच्या कितीतरी चुका जागीच पकडल्या जातील.

कॅम्पस मुलाखती, पदव्युत्तर प्रवेश परीक्षा हे रस्ते पदवीच्या शेवटच्या वर्षात त्याच्यासमोर येतीलच, त्यांची चिंता आज नको. नवा कोर्स कोणताही लावू नका.

त्याऐवजी तुम्ही स्वतः त्याच्यासोबत बसा. गाडीतला बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला की त्याचा अर्थ इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय एवढाच. नवखा धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलून मोकळा होतो. तुम्ही आधी कुठल्या फटीतून जादा हवा ओढली जातेय ते बघता, आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलाय का बघता, इंधनाचा दाब तपासता. हा क्रम कॉलेजच्या पुस्तकात त्याला मिळणार नाही. जॉब कार्डावर ‘तक्रार’, ‘सापडलेलं कारण’ आणि ‘केलेलं काम’ हे तीन रकाने वेगळे का हवेत, हे त्याला तुमच्याइतकं नीट कुणी सांगू शकणार नाही. दुरुस्त होऊन त्याच तक्रारीसाठी परत आलेल्या गाड्या तुम्हाला आठवत असतील. त्यांपासून सुरुवात करा, आणि ती गॅरेजमध्येच, सगळ्यांसमोर करा.