देवाचे पांग फेडता येतात का?

एका स्नेहमेळाव्याची पत्रिका तपासताना मैत्रीण एका वाक्यापाशी अडली: ‘देवाने आपल्याला धडधाकट शरीर दिले, दिव्यांग बांधवांना मदत करून त्याचे पांग फेडू या.’ तिचे प्रश्न दोन. देवाचे पांग फेडणे बरोबर आहे का? आणि हा ‘पांग’ ‘पांगळा’मधलाच का?

पहिल्याचं उत्तर सरळ ‘नाही’. पांग म्हणजे गरज, उणीव, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची पाळी. ‘फेडणे’ म्हणजे मुळात सोडणं, उकलणं. गाठ फेडतात, वस्त्र फेडतात. कर्ज आणि नवस यांनीही माणूस बांधलेलाच असतो, म्हणून तेही फेडायचे. चार घरची धुणीभांडी करून पोराला शिकवणाऱ्या आईचे पांग पोरगा फेडतो, तेव्हा तिनं दिलेलं तो मोजून परत करत नाही. तिला आता कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढं बघतो. उपकार फेडण्यात हिशेब मागचा असतो. पांग फेडताना समोरच्याला आज काय कमी पडतंय ते आधी ठाऊक असावं लागतं. देवाला कसली कमी? तिथे ‘ऋण’ लिहा, किंवा ‘उतराई होऊ या’ म्हणा. मला विचाराल तर ‘उतराई’च गोड.

दुसरा प्रश्न अवघड. पांगळा (जुन्या मराठीत पांगुळ) हा संस्कृत ‘पंगु’वरून आला. पांगही त्याच घरातला असेल असं कानाला वाटतं, ज्याला चालता येत नाही त्याला दुसऱ्याचा आधार लागतो, म्हणून अर्थही जुळवता येतो. पण नुसत्या उच्चारावरून सोयरीक जमवायला माझं मन घेत नाही.

मुळात पंगू म्हणजे ज्याची कीव करायची तो, असं आपल्या जुन्या वाङ्मयात दरवेळी नसतं. सूर्याचा सारथी अरुण. त्याचं दुसरं नाव अनूरु, म्हणजे मांड्या नसलेला. रोजचा रथ मात्र तोच हाकतो. सांख्य दर्शनाचा ग्रंथ सांख्यकारिका, त्याच्या 21व्या कारिकेत (श्लोकात) पुरुष म्हणजे चैतन्य आणि प्रकृती म्हणजे जड सृष्टीचं मूळ यांची जोडी ‘पंगु-अंधां’सारखी सांगितली आहे. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवतो, आंधळा चालतो. यात दाता कोण आणि याचक कोण, ते ठरवून दाखवा! उलट शाळेच्या निबंधांत घासून गुळगुळीत झालेली ‘धट्टीकट्टी गरिबी, लुळीपांगळी श्रीमंती’ बघा. गरिबाला समाधान मानायला सांगायचं आणि त्यासाठी हिणवायला शब्द घ्यायचा तो पांगळ्याचा.

आता पत्रिकेतला ‘धडधाकट’. ‘धड’ म्हणजे अखंड, शाबूत; ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’मधला तोच. पण बोलताना आपण ‘धड’ कामालाच जास्त लावतो: धड उत्तर देत नाही, धड जेवू देत नाही. आमच्या गावच्या शिंप्याचा एक पाय पोलिओने गेलेला. तो हातमशीन चालवायचा. गावात धड शिलाई कुणाची, असं विचारलं तर लोक त्याचंच दुकान दाखवत. धडधाकट शिंपी आणखी दोघे होते.

‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सुचवला आणि सरकारी कागदांत रुळला. 2016च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, 1995च्या कायद्यात 7 होते. काहींना ‘दिव्य’ म्हणवून घेणं नको वाटतं, काहींना ‘अपंग’ बोचतं. समोर माणूस असेल तर त्यालाच विचारावं. ‘बांधव’ मात्र खोडाच, त्यात बायका गळतात.

मी वाक्य असं सुचवलं: ‘या मेळाव्याला दिव्यांग विद्यार्थी आणि त्यांचे पालक येणार आहेत. त्यांना काय लागेल ते आधी कळवावे, तशी सोय करू.’ त्याखाली छापलं होतं: सभागृह, दुसरा मजला. लिफ्ट आहे का, ते विचारून तेही छापायला सांगितलंय.