ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये फिट्स औषधांना दाद देत नसतील, तर व्हीएनएस बसवावं का?

मुलगा ७ वर्षांचा, ड्रॅव्हे सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारा अपस्माराचा गंभीर, जनुकीय प्रकार), एससीएन१ए जनुकात दोष, तीन औषधं चालू असूनही फिट्स येतात आणि व्हीएनएस म्हणजे मेंदूचं ऑपरेशन का, असं तुम्ही विचारलंय. नाही, कवटीला हात लागत नाही. डाव्या छातीवर त्वचेखाली बॅटरीचं यंत्र बसतं आणि वायरचं टोक मानेतल्या डाव्या व्हेगस नसेभोवती गुंडाळतात. त्यातून नसेला ठरावीक अंतराने विजेचे हलके स्पंद (पल्स) जातात; म्हणून नाव व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन, व्हीएनएस.

पण आधी ती तीन औषधं बघा. त्यात कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन किंवा फेनिटॉइन आहे का? ही सोडियम चॅनेल (चेतापेशींमधली सोडियमची दारं) दाबतात आणि ड्रॅव्हेत नेमका तोच चॅनेल आधीच अपुरा असतो. त्यामुळे फिट्स वाढू शकतात. असं असेल तर औषधांनी हात टेकले असं म्हणताच येत नाही, निवडच चुकली आहे. मात्र मनाने काही बंद करू नका, बदल डॉक्टरच करतील. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेन्टॉल, फेनफ्लुरामिन, किटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) यांतलं काय झालंय, तेही विचारा. माझ्या मते यंत्राचा नंबर त्यानंतर.

बसवल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ०.२५ मिलिअँपिअर विद्युतप्रवाहापासून सुरुवात होते आणि तेवढ्याच पायऱ्यांनी १.५ ते २ पर्यंत चढवतात. नेहमीची लय ३० सेकंद चालू, ५ मिनिटं बंद. चढवायची घाई झाली की मूल दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट खोकतं, आवाज घोगरा होतो. तेव्हा एक पायरी खाली यायचं किंवा पल्सची रुंदी कमी करायची. यंत्र काढून टाकायची गरज नसते. गुण यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, फिट्स पूर्ण थांबणं क्वचितच, आणि औषधं सुरूच राहतात.

सोबत चुंबक मिळतो. फिट सुरू होताच तो यंत्रावरून सेकंदभर फिरवून काढून घ्यायचा. घाबरून तिथेच धरून ठेवला तर उलट यंत्र थांबतं! लांबलेल्या फिटसाठीचं मिडाझोलाम हाताशी हवंच.

आरएनएस (फिट ओळखून मेंदूतच विजेचे स्पंद देणारं, कवटीत बसवायचं यंत्र) इथे बसत नाही: ते एक-दोन ठरावीक केंद्रांतून उठणाऱ्या फिट्ससाठी आहे, अमेरिकेत परवानगी १८ वर्षांपुढे. ड्रॅव्हेत दोष सगळ्या मेंदूत पसरलेला असतो. थॅलॅमसमधल्या (मेंदूच्या आतल्या एका भागातल्या) डीबीएसलाही, म्हणजे मेंदूत खोलवर तारा घालून विजेचे स्पंद देण्याच्या उपचारालाही, अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली ती प्रौढांसाठीच.

मूल घोरतं का, झोपेत श्वास अडकतो का, हे ऑपरेशनआधी सांगा. व्हीएनएसने ते वाढू शकतं. एमआरआयआधी यंत्राचं मॉडेल कळवा, डायथर्मी (लहरींनी शरीरात आतवर उष्णता देणारा उपचार) कधीच नको. बरं चाललेलं असताना फिट्स अचानक वाढल्या तर आधी यंत्राचा इम्पिडन्स (वायरच्या मार्गातला विजेला होणारा अडथळा) तपासून घ्या. तो खूप वर गेला असेल तर बहुधा वायर तुटलेली किंवा सैल झालेली असते.