माध्यमाकडून स्पष्ट संदेश कसा मिळेल?

प्रश्न : माझे यजमान मागच्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. मी तेव्हा प्रवासात होते, शेवटची भेट झालीच नाही. धाकटे दीर त्या रात्री दवाखान्यात त्यांच्याजवळ होते. मी एका माध्यमाकडे, म्हणजे गेलेल्या माणसांचे निरोप सांगणाऱ्या व्यक्तीकडे, बसायला जाते. त्यांनी समुद्राचा उल्लेख केला तेव्हा मला रडू आवरेना, कारण ह्यांना समुद्राचं वेड होतं. बाकी सगळं मात्र धूसर. शेवटी ह्यांनी माझी आठवण काढली का, एवढंच मला विचारायचं होतं. त्याचं उत्तर काही आलं नाही. माध्यम म्हणतात, तुमच्या मनात शंका आहे म्हणून संदेश स्पष्ट येत नाही. संवाद स्पष्ट व्हावा यासाठी मी काय करू? घरी मुलांना घेऊन प्लँचेट करून पाहू का? बैठकीचं रेकॉर्डिंग सोबत पाठवते आहे.

उत्तर : ताई, आधी ते शंकेचं ओझं खाली ठेवा. तुमच्या मनात शंका आली म्हणून ह्यांचा आवाज अडला, असं तुम्हाला कुणी सांगावं याचा मला राग आला. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याच माथी हा दोष मारणं क्रूरपणाचं आहे, सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

रेकॉर्डिंग मी लक्षपूर्वक ऐकलं. माध्यम विचारतात, ‘पाण्याशी काही संबंध?’ तुम्ही गप्प. ‘की प्रवासाशी?’ आणि मग तुमचा आवाज येतो, ‘हो, हो, त्यांना समुद्र फार आवडायचा!’ समुद्र हा शब्द तुम्ही उच्चारलात, ताई. पत्रात मात्र तो माध्यमाच्या तोंडी आलाय. त्याच बैठकीत ‘म’वरून नाव, पाठदुखी, एक जुनं घड्याळ असंही विचारून झालं होतं, त्या प्रत्येकाला तुम्ही ‘नाही’ म्हणालात. पत्रात त्यातलं काहीच नाही. यात तुम्ही खोटं बोलला नाहीत. शोक करणारी माणसं माझ्यासमोर बसून बोलतात तेव्हाही मला हेच दिसतं : जुळलेलं मनात रुतून बसतं, न जुळलेलं गळून जातं. माध्यमही फसवतच असेल असं मी म्हणत नाही. समोरच्याचा श्वास, हुंदका, गप्प राहणं यांवरून आपण पुढचा शब्द निवडतो आहोत, हे अनेकांना स्वतःलाही कळत नसतं.

तुम्ही स्पष्टतेचं विचारलंत. लिओनोरा पायपर या अमेरिकन माध्यमाची कीर्ती एवढी होती की विल्यम जेम्ससारखा मानसशास्त्रज्ञ तिच्यामुळे विचारात पडला. 1909 मध्ये स्टॅन्ली हॉल या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने तिच्या बैठकीत आपल्या दिवंगत पुतणीला, बेसी बील्सला, बोलावण्याची विनंती केली. बेसी आली, तिचे निरोपही आले. पण बेसी बील्स नावाची पुतणी हॉलला कधी नव्हतीच; नाव त्याने मनाने रचलं होतं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. संदेश स्वच्छ ऐकू आला म्हणजे तो कुणाकडून तरी आलाच, असं होत नाही. संदेश खरा की नाही हे पडताळायचं तर जे फक्त गेलेल्यालाच ठाऊक होतं, ते बाहेर यायला हवं.

तसा प्रयत्नही झालाय, आणि तो करणाऱ्याचा मरणोत्तर जीवनावर मनापासून विश्वास होता. फ्रेडरिक मायर्स हे 1882 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ या, मृतांशी संवादासारख्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. आपण गेल्यावर मजकूर माध्यमामार्फत कळवू, या इराद्याने त्यांनी तो एका लिफाफ्यात बंद करून शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या हवाली केला. 1901 मध्ये मायर्स वारले. पुढे श्रीमती व्हेरॉल या माध्यमाच्या हातून आपोआप उतरणाऱ्या लेखनात तो मजकूर आल्याचं वाटलं, आणि 1904 च्या डिसेंबरात सर्वांसमोर लिफाफा फोडला. आत होतं की पृथ्वीवरच्या एखाद्या जागी परत जाता आलं तर इंग्लंडमधल्या हॉलस्टेड्सच्या आवारातली दरी निवडेन. व्हेरॉलबाईंच्या कागदांशी ते जुळलं नाही. ही सगळी मंडळी सज्जन होती, मायर्सवर त्यांचं प्रेम होतं. जमायचंच असतं तर तिथे जमलं असतं, असं मला वाटतं.

प्लँचेट मुलांसोबत नको, हे मी ठाम सांगते. लोक टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल फिरू लागायचं आणि ते आत्मे फिरवतात असं मानलं जायचं; शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने 1853 मध्ये अशा फिरत्या टेबलांची परीक्षा घेतली होती. बसणाऱ्यांचे तळवे आणि टेबल यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्याचे थर ठेवले, मधे चिकट लेप. वरचा पुठ्ठा टेबलाच्या पुढे सरकलेला निघाला. म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हतं, हातच त्याला ढकलत होते, आणि बसणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. प्लँचेटवरही बोटं अशीच नकळत सरकतात. उद्या काही भयंकर अक्षरं जुळली तर तुमची मुलं ती बाबांचे शब्द म्हणून आयुष्यभर बाळगतील.

ह्यांची चाहूल लागते, हाक ऐकू येते, असं तुम्हाला होत असेल तर घाबरू नका. ड्यूई रीस या डॉक्टरने वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 मध्ये लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना जोडीदाराचं असं अस्तित्व जाणवलं होतं. अनेकांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. ह्यांच्याशी बोलावंसं वाटलं तर बोला, मोठ्याने बोला, पत्र लिहा. मात्र झोप-जेवण सुटलं असेल, दिवस ढकलणं अवघड झालं असेल, तर शोक-समुपदेशकाला भेटायला उशीर करू नका.

राहिला तुमचा प्रश्न, शेवटी आठवण काढली का. ताई, त्या रात्री तिथे असलेला माणूस तुमच्या घरातच आहे. भाऊ डोळ्यांदेखत गेला, त्याबद्दल दीर कदाचित आपणहून बोलायचे नाहीत, आणि त्यांना त्रास होईल म्हणून तुम्हीही विचारलं नसेल. एकदा त्यांच्यासोबत निवांत बसा. ‘माझं नाव घेतलं का?’ असं थेट विचारू नका, तुमचं मन राखायला ते ‘हो’च म्हणतील. ‘तुम्ही दवाखान्यात पोचलात तिथपासून सगळं सांगा, मला ऐकायचंय’ असं म्हणा, आणि ते थांबले तरी मध्ये शब्द पुरवू नका. कदाचित ह्यांना बोलण्याइतकी शुद्धच नव्हती, असं कळेल. तेही ऐकायची तयारी ठेवून जा. माध्यमाकडची पुढची बैठक ठरली असेल तर ती हे बोलणं होईपर्यंत पुढे ढकला.