पाण्याखाली जोडीदार दिसेनासा झाला तर?

प्रश्न : मी आणि माझा मेहुणा विहिरीत पोहायला शिकलो. स्कूबाचा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याचा) ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स झालाय, आता मालवणला जोडीने उतरायचंय. पाणी गढूळ असलं तर एकमेकांवर नजर कशी ठेवायची? चुकामूक झालीच तर?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी विहिरीच्या सवयीबद्दल. तिथे दम कोंडून बुडी मारतात; स्कूबात दम कोंडून वर येणं जिवावर बेततं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगू पाहते. श्वास चालूच ठेवा, घाबरलात तरी.

आता जोडीचं. कोण कुठल्या बाजूला, हे बोटीवरच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. एकामागून एक पोहू नका. मास्कमुळे कडेचं दिसत नाही, मागचा तर मुळीच नाही. पुढच्याला पत्ता लागेपर्यंत मागचा गायब झालेला असतो. अंतर इतकंच ठेवा, की तुमची हवा संपली तर त्याच दमात त्याच्यापर्यंत पोहोचाल. तीन-चार मीटरच दिसत असेल तर हाताच्या अंतरावर राहा. थांबायचं असेल तर आधी खूण करा, मग थांबा. कॅमेरा हातात असलेला गडी हे हमखास विसरतो, म्हणून त्याच्यावर जास्त लक्ष.

हवेचा आकडाही एकमेकांना कळवत राहा. टाकी २०० बारला (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप) भरलेली असेल तर १०० ला सांगायचं आणि ५० बार शिल्लक असताना पाण्याबाहेर यायचं, असा हिशेब धरा.

दिसेनासा झाला तर जागेवर थांबा. स्वतःभोवती एक गिरकी घ्या, खाली पाहा, वर पाहा. माणसाआधी बुडबुडे दिसतात. टॉर्च असेल तर फिरवा. हे सगळं एका मिनिटात. नाही सापडला तर मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता वर या. १२ मीटरवरून सव्वा मिनिटाच्या वर वेळ लागतो, घाई नको. दोघांनी हाच नियम पाळला तर वर भेट होते. घोळ होतो तो एक जण वर आणि दुसरा ‘अजून थोडं बघू’ म्हणत खाली राहिला की. अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून वर येताना घेतात तो ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा थांबा अशा वेळी घ्यायचा की नाही, तेही प्रशिक्षकाला विचारून आधीच ठरवा. वर जोडीदार नसेल तर लगेच बोटीला कळवा. एकट्याने परत बुडी मारू नका.

प्रश्न : पाण्याखाली जोडीदाराने लक्ष वेधायला टाकीवर ठोकलेलं ऐकू येतं, पण कुठून ते का कळत नाही?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५००. दोन्ही कानांवर तो जवळपास एकदमच पोहोचतो आणि मेंदूला दिशा काढायला फरकच उरत नाही. ठोकण्याचा अर्थ ‘इकडेतिकडे बघ’ एवढाच घ्या.

प्रश्न : अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ ना?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, ‘वर चला’. ‘ठीक’साठी अंगठा आणि तर्जनीचं कडं करा. समोरच्यानेही तीच खूण करून उत्तर द्यायचं. मान डोलावलेली पाण्यात कळत नाही. आणि वर आल्यावर गंमत म्हणून बोटीकडे हात हलवू नका. पाण्यातून हात हलवला की तो मदतीचा इशारा समजतात. ठीक असाल तर दोन्ही हातांचं कडं डोक्यावर धरा.