जुना टॅब गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कायमचा बसवता येईल का?

बसवता येतो. मी दोनदा बसवला आहे. पहिल्या वेळी झालेली चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी २०१२ची आहे, स्टिरिओची जागा डबल डिन (म्हणजे सिंगल डिनच्या दुप्पट उंचीची) आहे, रेडिओ आणि ऑक्स (बाहेरच्या उपकरणाचा आवाज वायरने आत घ्यायची सोय) चालू आहेत पण सीडी बंद पडली आहे, आणि घरात ७ इंची टॅब पडून आहे. स्टिरिओ काढून त्या जागी टॅब कायमचा बसवायचा, म्हणजे नकाशाही होईल आणि गाणीही, असा तुमचा बेत आहे. बेत चांगला आहे, फक्त त्यातला ‘कायमचा’ एवढा शब्द काढून टाका.

मी जळगावचा. २०१८च्या हिवाळ्यात मी डॅशबोर्डची मधली फ्रेम हॅक्सॉ ब्लेडने कापली, टॅब आत बसवला, कडेने एपॉक्सी पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारून वर काळा स्प्रे दिला. कंपनीतूनच बसवून आल्यासारखा दिसत होता. मे महिन्यात एके दिवशी गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी दार उघडलं तर स्क्रीन एका कोपऱ्यातून वर उचलली गेली होती. आतली बॅटरी फुगली होती. टॅब बाहेर काढायची सोयच मी ठेवली नव्हती, त्यामुळे अख्खी फ्रेम तोडावी लागली. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. मुलगी शेजारी उभी होती, तिला आधी लांब पाठवलं आणि मग पेचकस हातात घेतला. ती पंधरा मिनिटं अजून आठवतात.

कारण साधं आहे. टॅब साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला असतो. आपल्याकडे बाहेरच ४४ अंश असतात, आणि बंद गाडीत काचेखालचा डॅशबोर्ड ७० च्या आसपास जातो. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना तापली की सगळ्यात जास्त झिजते. बाजारात तयार मिळणाऱ्या अँड्रॉइड स्टिरिओत बॅटरीच नसते, तो थेट गाडीच्या १२ व्होल्टवर चालतो. म्हणून तो तिथे वर्षानुवर्षं टिकतो आणि टॅब टिकत नाही.

त्यामुळे दुसऱ्या वेळी मी डॅशबोर्डमध्ये टॅबचं फक्त घर केलं. टॅब त्यात बसतो आणि गाडीतून उतरताना माझ्यासोबत खाली उतरतो. गेली काही वर्षं हे बिनतक्रार चालू आहे.

आधी मापं घ्या. डबल डिनची खाच १८० बाय १०० मिलिमीटर असते. ७ इंची टॅब बहुधा २०० बाय ११५ च्या आसपास भरतो. म्हणजे तो खाचेच्या आत जाणारच नाही, खाचेवर झाकणासारखा बसेल. एका परीने हे बरंच आहे, कारण मागे वायरिंगला आणि हवेला जागा मिळते. फ्रेम मी ३ मिलिमीटरच्या एबीएस (एक कडक प्लास्टिक) शीटची केली. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एबीएस मागा. आणि डॅशबोर्डचा कुठलाही भाग चिकटवण्याआधी काढून त्याच्या पाठीमागे बघा. तिथे प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर पुट्टी किंवा गोंद नीट धरत नाही, स्क्रूच मारावे लागतात.

टॅब धरून ठेवायला मी आधी चुंबकं लावली होती. त्यात दोन अडचणी आल्या. फ्लिप कव्हर ओळखणारा सेन्सर टॅबच्या ज्या कडेला असतो, तिथे चुंबक आलं की स्क्रीन आपोआप बंद होते. शिवाय टॅबमधलं होकायंत्र बिघडतं आणि सिग्नलला उभं असताना नकाशातला बाण भलतीकडे फिरतो. म्हणून आता खाली खोबण आणि वर स्प्रिंगची खिटी आहे. खड्ड्यांतही टॅब सुटत नाही.

वीज कुठून घ्यायची हे महत्त्वाचं. स्टिरिओच्या मागच्या कपलरमध्ये बहुतेक वेळा पिवळी वायर कायम चालू, लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू आणि काळी अर्थ (ग्राउंड) असते. पण रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर लावून खात्री करा. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ३ अँपिअरचा कन्व्हर्टर लाल वायरवर घ्या आणि त्याच्या आधी फ्यूज टाका. इंजिन चालू असताना ही लाइन १४ व्होल्टच्या वर जाते, तेव्हा तेवढं सहन करणारा कन्व्हर्टर बघून घ्या. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आक्रसून घट्ट बसणारी नळी) चढवा. नुसती टेप मारली तर उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि ती सुटते. टॅबच्या सेटिंगमध्ये ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती जरूर चालू करा.

आता आवाज. इथेच सगळे अडकतात, कारण टॅबच्या हेडफोनच्या भोकातून गाडीचे ४ ओहमचे स्पीकर वाजत नाहीत, मध्ये ॲम्प्लिफायर लागतोच. तुमचा स्टिरिओ चालू आहे, म्हणजे तुमच्याकडे ॲम्प्लिफायर आहेच! तो फेकू नका. तो सिंगल डिनचा असेल तर ग्लोव्ह बॉक्समध्ये सरकवता येईल. वायरी तेवढ्या लांबवाव्या लागतील, बाकी रेडिओसुद्धा तसाच राहतो. डबल डिनचा असेल तर ग्लोव्ह बॉक्समध्ये मावेल का ते मोजून बघा.

स्टिरिओ काढायचाच असेल तर छोटे डिजिटल ॲम्प्लिफायर बोर्ड मिळतात. त्यातल्या बहुतेकांत स्पीकरची मायनस वायर अर्थ नसते. ती गाडीच्या बॉडीला लागली की बोर्ड जळू शकतो. मोठा ॲम्प्लिफायर लावलात तर त्याची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) किल्लीच्या लाइनवरच जोडा. ती कायमच्या लाइनवर राहिली तर ॲम्प्लिफायर काही न वाजवताही एखादा अँपिअर ओढत राहतो, आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड दिवसात उतरते.

ऑक्सची वायर लावून त्याच वेळी टॅब चार्जिंगला लावलात की स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येईल आणि ॲक्सिलरेटर दाबाल तशी ती चढत जाईल. स्पीकर खराब झाले म्हणून मी दोन दुकानं फिरलो होतो. स्पीकरचा काही दोष नसतो. चार्जिंगची अर्थ आणि ऑक्सची अर्थ असा वेढा तयार होतो आणि त्यातून अल्टरनेटरचा गोंगाट आत शिरतो. दोन्ही अर्थ एकाच बिंदूवर आणा. तरी राहिली तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, छोटीशी डबी असते. स्टिरिओला ब्लूटूथ असेल तर ही वायरच लागत नाही आणि प्रश्नच मिटतो.

नकाशासाठी आधी तुमच्या टॅबला जीपीएस आहे का ते तपासा. फक्त वाय-फायवाल्या काही टॅबमध्ये तो नसतो, आणि तसं असेल तर हा सगळा खटाटोप करू नका. जीपीएस असेल तर नकाशे घरूनच डाऊनलोड करून ठेवा, गाडी कुठे आहे हे कळायला जीपीएसला इंटरनेट लागत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आवाज कमी-जास्त करायला हाताने फिरवायचं बटण ठेवाच, मग ते स्टिरिओचं असो किंवा वेगळं लावलेलं. काचेवरचं बटण बघितल्याशिवाय सापडत नाही. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलं तर ३० मीटरहून जास्त रस्ता न बघता मागे पडला. चालकासमोर चालत्या गाडीत व्हिडिओ लावू नका. आणि शेजारच्या सीटपुढे एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत टॅब, वायर, स्टँड काहीही येऊ देऊ नका. एअरबॅग उघडताना समोर येईल ती वस्तू तोंडावर फेकली जाते.

तुम्हाला रिव्हर्स कॅमेराही हवा असेल, किंवा गाडी रोज घरातली तीन-चार माणसं चालवत असतील, तर सरळ तयार अँड्रॉइड स्टिरिओ घ्या. साधा कॅमेरा टॅबला थेट जोडता येत नाही, आणि प्रत्येक जण उतरताना टॅब काढेलच असं नाही. पण गाडी तुम्ही एकटेच चालवणार असाल आणि हाताने काम करायची आवड असेल, तर तुमचा पडून असलेला टॅब या कामाला उत्तम आहे.

खाचेची खोली, स्टिरिओची उंची आणि टॅबची लांबी-रुंदी मोजून खाली लिहा. माझ्या फ्रेमचा कागदी साचा अजून ठेवलेला आहे, तुमच्या मापात बसत असेल तर त्याचा फोटो टाकतो.